माशी दिसेपर्यंत

६ फेब्रुवारी

दिवे म्हणे. दुकानात दोन ट्यूब आहेत, वर भलीमोठी खिडकी आहे, दुपारभर ऊन आत येऊन कापडावर लोळत असतं, तरी दादाला दिवे पाहिजेत. तेही साधे नाहीत. एक मशीनच्या मानेवर बसणारा, एक कापायच्या टेबलावर लोंबणारा, आणि एक कुठेही नेता येईल असा. गावाहून फोन करून चार हजार पाठव म्हणतो. मी म्हटलं, अरे शिंप्याचं दुकान आहे की नाटकाचं स्टेज? तर म्हणे, "तू पाठव, कशाला ते नंतर सांगतो." नंतर हा दादाचा आवडता शब्द. सायकल नंतर, सहल नंतर. त्या नंतरची वाट बघता बघता माझी शाळाच संपली.

दोन हजार पाठवले. बाकीचे नाहीत असं सांगितलं. आहेत. पण दरवेळी मीच का वाकायचं?

बोलता बोलता त्याच्या मागे गजर वाजला. "थांब, थेंब घालायचेत," म्हणाला. कसले थेंब विचारलं तर काही नाही, हवा बदललीय. सर्दी झाली की दादा राजवाड्यातल्यासारखा नाजूक होतो.

हे सगळं वहीत लिहितोय कारण खोलीत ऐकणारा एकच, माझा खोलीसोबती, त्याला मी सल्लागार म्हणतो, आणि त्याला काही सांगितलं की तो ऐकत नाही, सल्ला देतो. बँकेची पायरी चढलेला नाही, पण व्याजावर तासभर बोलेल.

१० फेब्रुवारी

त्या उरलेल्या पैशांनी खिशात चुळबुळ केली आणि मी पिस्तूल घेतलं.

खरं नाही. हवेचं. बाजारामागच्या गल्लीत मासेमारीच्या गळांचं दुकान आहे, तिथे काचेत ठेवलं होतं. दुकानदाराने ओळखपत्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा ओळखपत्र. "हे सगळ्यात स्वस्त आहे," असं म्हणाला. कौतुक होतं की इशारा, कळलं नाही. नळीखाली एक दांडा आहे. तो उघडायचा आणि मिटायचा, म्हणजे आतला दट्ट्या हवा कोंबतो. सातआठ वेळा कोंबली की एक छर्रा उडतो. पुन्हा पहिल्यापासून. आळशी माणसाचं काम नाही.

नळी सोडली तर बाहेरून सगळं प्लास्टिक, हातात घेतलं की खेळण्यासारखं खुळखुळतं. पण पेटी उघडली तेव्हा तेलाचा वास आला आणि मी एकदम नऊ वर्षांचा झालो.

सल्लागार म्हणाला, "ह्या पैशात चांगले बूट आले असते."
"बुटाने नेम धरता येत नाही."
"पिस्तुलाने चालता येत नाही."


११ फेब्रुवारी, रविवार

फर्निचरच्या कारखान्यामागे लाकडाचं आवार आहे. रविवारी तिथे कोणी नसतं. पहारेकऱ्याला विचारलं, तो म्हणाला शेवटच्या भिंतीकडे तोंड करून काय ते कर, आणि चिमण्यांना हात लावलास तर मी तुला लावीन. फळ्यांच्या थप्पीपुढे जुन्या गोधड्या कोंबलेलं खोकं ठेवलं, त्यावर पांढरं कार्ड, मधोमध काळं वर्तुळ काढलेलं.

एकही छर्रा कार्डाला लागला नाही. खोक्यालाही सगळे नाहीत.

पण काय सांगू, किती बरं वाटलं. ऊन तिरपं येत होतं. ओल्या लाकडाचा वास, थप्प्यांच्या मधल्या बोळातून हवा सुळसुळत होती, आणि हवेत भुसा असा तरंगत होता की वाटावं कोणीतरी वरून हळूहळू चाळतंय. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा एका जागी उभा राहिलो. आठवडाभर काम करतो तेव्हाही पाय दाराकडेच असतात. ह्याआधीची तीन कामं मी अशीच सोडली. सकाळी उठलो आणि गेलोच नाही.

दादा आठवला. आमच्याकडे फुगेवाला यायचा, फळीवर रंगीत फुगे लावून, हवेची बंदूक घेऊन. दादा बंदूक उचलायचा आणि पोरं आपोआप गप्प व्हायची. फुगेवाला कपाळाला हात लावायचा. "ह्याला दुसऱ्या गल्लीत न्या रे," म्हणायचा. मी विचारलं होतं, तुला कसं जमतं? दादा म्हणाला, "नळीच्या टोकाला ती उभी माशी दिसते ना, ती डोळ्याजवळच्या खाचेत बसव. फुगा धूसर दिसला तरी चालेल. माशी स्वच्छ दिसली पाहिजे."

मी त्या वेळी माशी शोधत आकाशात बघत होतो.

१७ फेब्रुवारी

चाप ओढताना वाळूतून खोरं ओढल्यासारखं लागतं. सगळं ताणून धरावं, मग कुठेतरी खटकन सुटतं, तोवर नेम शेजाऱ्याच्या घरी. आज पिस्तूल उघडलं. सल्लागार म्हणाला, उघडू नकोस. मग उघडल्यावर म्हणाला, स्प्रिंग कशी बसलीय त्याचा आधी फोटो काढ. माणूस कधीकधी कामाचाही असतो.

आत दोन पत्रे एकमेकांवर घासतात. तिथे कडा नुसत्या कापून सोडल्यात, करवतीच्या दातांसारख्या. घासणं हेच माझं पोट. कारखान्यात मी दिवसभर खुर्च्यांच्या पाठी पॉलिश पेपरने घासतो. सगळ्यात बारीक कागदाचा तुकडा घेतला, पाण्यात बुडवला, आणि पत्रे आरशासारखे केले. थोडं ग्रीस. दांड्याच्या खिळीत वायसर घातला, खुळखुळ गेली. दांडा मिटताना तळहाताला चावतो म्हणून त्यावर जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवलं.

आता चाप ओढला की कधी सुटला ते कळतच नाही. पिकलेलं फळ सुटावं तसा.

२५ फेब्रुवारी

दादाचं पार्सल आलं. शर्ट शिवलाय माझ्यासाठी. राखाडी कापड, काळी बटणं. मी भांडतो आणि हा शर्ट शिवतो, म्हणजे पुन्हा मीच वाईट.

पण नीट बघितलं तर बटणं वेगवेगळ्या दोऱ्यांनी लावलीत. दोन काळ्याने, तीन चॉकलेटीने, एक चक्क निळ्याने. दादाकडून हे? गिऱ्हाइकाच्या अस्तराचासुद्धा दोरा जुळला नाही तर उसवून पुन्हा शिवणारा माणूस. घरच्यांना काय, चालतं, असं असणार. शर्ट खुंटीला अडकवून ठेवला.

फोन केला. वहिनीने उचलला, मागे मशीन चालू होतं तेही बंद झालं. म्हणजे आता मशीनवर वहिनी बसते. पूर्वी ती फक्त काजं करायची. दादा शेठ झालाय.

"शर्ट बसला का, भाऊजी?"
"बसला. दादाला सांग, दोऱ्यांची रंगपंचमी छान आहे."
ती हसली नाही. "सांगते," एवढंच म्हणाली.

५ मार्च

मुठीचं प्लास्टिक काढून टाकलं. टाकाऊ ढिगात अक्रोडाचा तुकडा मिळाला, मिस्त्रीला विचारून घेतला. मिस्त्री म्हणजे आमच्या घासकामाचा मुख्य. कशाला हवा ते सांगितलं तर तो रागावेल वाटलं, पण तो म्हणाला, "आण बघू, हातात कसं धरतोस ते दाखव."

जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं कोरतोय. आज मला वाटलं झालं. मिस्त्रीला दिलं. त्याने बघितलंच नाही, अंगठा फिरवला आणि परत दिलं.

"इथे उंचवटा आहे."
"मला नाही दिसत."
"दिसायचा नाहीच. डोळे मीट."

मिटले. बोट फिरवलं. खरंच, करंगळीखाली एक लाट होती, पाण्यावर असते तेवढी. मग मी डोळे मिटूनच घासत बसलो. अंधारात लाकूड फार मोठं होतं. एक इंचाच्या जागेत टेकड्या असतात, ओढे असतात, कुठे रेषा हाताला धरून पलीकडे नेते. घंटा झाली तेव्हा मी कुठेतरी लांब होतो.

मिस्त्री म्हणाला, "तू टिकशील असं वाटायला लागलंय. कोणाला सांगू नकोस, लोक मला हसतील."

१० मार्च

प्लास्टिकची माशी काढली. ती इतकी जाड होती की तिच्याआड अख्खं कार्ड लपायचं. पत्र्याची बारीक कापून घासून बसवली, मागची खाचही पत्र्याची. कारखान्यातल्या वेल्डरने नळीवर दोन टाके मारून दिले आणि बदल्यात एकदा उडवू दे म्हणाला.

आणि आज कारखाना सुटल्यावर! सगळे छर्रे काळ्या वर्तुळाच्या आत. दोन तर एकमेकांना चिकटून. मी पिस्तूल खाली ठेवून आवारात एक फेरी मारली. पहारेकऱ्याला कार्ड दाखवलं. तो म्हणाला, चिमण्या आहेत ना सगळ्या? आहेत म्हटलं. मग छान, म्हणाला.

सल्लागाराचा विश्वास नाही. म्हणतो, जवळून मारून कार्ड लांब ठेवलं असशील. म्हणून मी आता आधी कोऱ्या कार्डाचा फोटो काढतो आणि नंतर छर्रे लागलेल्याचा. वकिलासारखं.

फोटो दादाला पाठवला. त्याने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, हल्ली लिहीत नाही तो. "वा रे वा. मधोमध. एकावर एक बसलेत. मला तरी इतकं जमलं नसतं."

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकताना सहज फोटो बघितला.

मी कोऱ्या कार्डाचा पाठवला होता.

लगेच फोन लावला. "किती छर्रे लागलेत रे दादा?"
"पाच असतील."
"कोऱ्या कार्डात पाच?"
तो हसला. "अरे, गंमत केली तुझी."
"गंमत? म्हणजे उघडूनसुद्धा बघत नाहीस? मी काही पाठवलं तरी वा वा, आणि पैसे पाठवले की त्याहून मोठं वा वा?"
"तसं नाही रे."
"मग कसं?"
"नंतर सांगतो."

ठेवून दिला फोन. एवढं चांगलं कार्ड, आणि बघणाऱ्याने बघितलंच नाही.

१९ मार्च

नऊ दिवस दादाशी बोललो नाही. त्याचे दोन फोन आले, उचलले नाहीत. छर्रे पुन्हा इकडेतिकडे जायला लागलेत.

गळांच्या दुकानात एक काचेची दुर्बीण बघितली. पिस्तुलावर बसवायची. आत लाल ठिपका दिसतो, ठिपका ठेवा तिथे छर्रा. माशी नको, खाच नको. पाच हजार. पगार झाला की घेणार. मग बघू कोण न बघता वा वा म्हणतो.

सल्लागार म्हणाला, "पिस्तूल स्वस्त आणि टोपी महाग. तुझं असंच असतं."

२३ मार्च

वहिनीचा फोन. पैशांसाठी असेल वाटलं. तिने पैशांचं नावच काढलं नाही. म्हणाली, "भाऊजी, ह्यांना फोटो नका पाठवू. बोलून सांगत जा. कसं घासलं, काय बसवलं. ते दिवसभर सांगत असतात गिऱ्हाइकांना, आमच्या धाकट्याने पिस्तूल घडवलं."

घडवलं! विकत घेतलंय म्हटलं.

"त्यांना काय," म्हणाली. आणि फोन ठेवताना, "रागावू नका हो त्यांच्यावर."

आधी थट्टा, मग लाड. ह्या घराचं मला कधी कळलंच नाही.

२५ मार्च, रविवार

आज आवारात उशिरा गेलो. सल्लागारही आला, म्हणाला नेम कुठे चुकतो ते बाहेरून जास्त कळतं. सूर्य भिंतीमागे गेला होता, पण आकाश अजून उजळ होतं, जांभळट. थप्प्या निळ्या झाल्या. सगळं पाण्याखाली असल्यासारखं, आम्ही दोघे हळूहळू बोलत होतो, कारण नसताना.

पाच-सहा छर्रे चांगले गेले. मग काय झालं कळेना. लांबचं पांढरं कार्ड दिसत होतं, पण हातातली माशी दिसेना. एवढी जवळ, मीच कापलेली, मीच घासलेली, आणि ती विरघळूनच गेली. खाचेत नुसता करडा रंग. मी डोळे चोळले, हात वरखाली केला, मान वाकडी केली. चिडलो.

म्हटलं, "इथे दिवा पाहिजे रे. असं कसं दिसणार माणसाला? एक इथे वर, एक हाताजवळ, आणि एक हलवता येईल असा."

बोललो आणि तसाच उभा राहिलो.

सल्लागार म्हणाला, "काय झालं?"

काही नाही म्हटलं. पिस्तुलात छर्रा होता तो गोधडीत सोडला, हवा जाऊ दिली. खोलीवर आलो. खुंटीवरचा शर्ट काढला, मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

टीप कुठेही हललेली नाही. कॉलरच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवलं, तंतोतंत सारखी. काजाचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, एक मागे नाही, एक पुढे नाही. प्रत्येक बटण दोऱ्याने पक्कं गुंडाळलेलं, मी ओढून बघितलं. एकही चूक सापडली नाही. सापडणार कशी? बोटाला रंग कळत नाही.

सल्लागार पलंगावरून बघत होता. 

२६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत वहिनीला फोन केला. दुकानात नको, बाहेर ये म्हटलं.

"कधीपासून?"
ती आधी म्हणाली, काय कधीपासून. मग म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"
"शर्टाने."

मग तिने सांगितलं. वर्ष होत आलं. डोळ्यांच्या आत दाब वाढतो, कडेकडेने दिसणं जातं. आधी रंग फिके झाले. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं कापड चुकून कापलं गेलं, तेव्हापासून कापायचं वहिनी करते आणि तो शेजारी उभा राहून सांगतो. थेंब रोज वेळेवर घालायचे. सर्दीचे नव्हते ते.

"मला का नाही सांगितलं?"
"तुम्ही काम सोडून धावत आला असता. आला नसता?"
आलो असतो. रात्रीतून.
"ते म्हणतात, तो आता कुठे एका जागी टिकलाय. त्याला हलवू नकोस. दुकान चालू राहिलं पाहिजे आणि तुम्ही तिथे राहिलं पाहिजे, दोनच गोष्टी बोलतात."

मी म्हटलं, काळजी करू नको वहिनी, चांगले दिवे बसवू, भरपूर उजेडाचे, म्हणजे पुन्हा सगळं दिसेल त्याला. दोऱ्याचा रंगसुद्धा.

 मागे रस्त्यावरून गाडी गेली.

"हो भाऊजी," म्हणाली. "उजेड असला की बरं वाटतं त्यांना."

मी ठणकावून सांगितलं, होईल बघ. आवारात माझंही तेच झालं होतं, नुसता उजेड कमी पडला होता.

आणि दादाला ह्यातलं काही सांगू नको म्हटलं. मला माहीत नाही असंच राहू दे.

मिस्त्रीने विचारलं डोळे का लाल. भुसा गेला म्हणालो. "बारीक भुसा वाईट," म्हणाला, आणि दुपारभर मला खिडकीजवळचं टेबल दिलं.

३१ मार्च

पगार झाला. गळांच्या दुकानावरून गेलो. काचेत ती दुर्बीण होती, आतला लाल ठिपका चालू ठेवला होता दाखवायला. मला बघून दुकानदाराने पुसायला घेतली. हात हलवला आणि पुढे गेलो. माशी मला दिसते अजून.

दादाला फोन केला. म्हटलं, पाय दुखत होता म्हणून चिडचिड झाली, ते जाऊ दे. आणि मग सगळं बोलून सांगितलं. पत्रे कसे घासले, खिळीतला वायसर, अक्रोडाच्या लाकडातली लाट. त्याने फार प्रश्न विचारले. मूठ अंगठ्याखाली भरलीय का? चाप ओढताना श्वास सोडतोस ना? मग म्हणाला, "माशीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दे. एक थेंब. उजेड कमी असला तरी सापडते."

"तुला कसं माहीत?"
"असंच. सुचलं." मग त्याच्या मागे गजर वाजला.
"जा, घाल थेंब," म्हटलं. "सर्दी बरी झाली पाहिजे."
"होईल रे," दादा म्हणाला. "नंतर."

१ एप्रिल, रविवार

माशीला पांढरा ठिपका दिला. काडीने, श्वास रोखून.

सकाळचं आवार मी कधी बघितलंच नव्हतं. ऊन अजून थंड होतं, लाकडावरचं दव वाफ होऊन वर जात होतं आणि त्यातून चिमण्या ये-जा करत होत्या, जणू त्यांचीच धुलाई चाललीय. घाई केली नाही. दांडा उघडायचा, मिटायचा. प्रत्येक छर्र्याच्या आधी दादाचा आवाज आठवला तसा आठवू दिला. फुगा धूसर असू दे. माशी स्वच्छ पाहिजे.

दादाला पाठवायचं म्हणून ह्या वेळी कार्ड जाड घेतलं, खोक्याच्या पुठ्ठ्याचं. फोटो काढला नाही. पुठ्ठ्यातून छर्रा गेला की मागच्या बाजूला कड वर येते, बोटाला लागते. डोळे मिटून मी स्वतः बघितलं. मधोमध एक खडबडीत फूल आहे, आणि जरा उजवीकडे एक चुकलेला, एकटा. तोही राहू दिला. नाहीतर त्याला खरं वाटणार नाही.

पाकिटात कार्ड घातलंय. वहिनीला सांगितलंय, त्याच्या हातात मागची बाजू वर करून दे आणि काही बोलू नको.

उद्या मिस्त्रीने नव्या मुलांना घासायला शिकवायला सांगितलंय. जायला पाहिजे. सल्लागार म्हणाला, पैसे आज रविवारीच पाठव, तो कोपऱ्यावरचा काउंटर उघडा असतो आणि कमिशन कमी घेतो. ह्या वेळी ऐकलं त्याचं.

दादाने तीन दिवे म्हटलं होतं. चौथा दारात लाव म्हणून निरोप लिहिलाय, पायरीवर उजेड पडेल असा. दिव्यांचे राहिलेले दोन हजार, दुर्बिणीचे पाच हजार चौथ्या दिव्याला आणि थेंबांना, वर शंभर काळ्या दोऱ्याच्या दोन रिळांचे, ती वहिनीने वेगळ्या डब्यात ठेवायची.

पाठवतोय सात हजार शंभर.